एकवार, दोनवार

माझ्या नवऱ्याचं आणि भावोजींचं पटत नाही असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, जागेवरून काही असेल. मग वाटतं, कुणाच्या तरी लग्नातला मानापमान असेल. मी म्हणते, छे हो, कॉम्प्युटर कुठल्या सिस्टीमवर चालवावा यावरून आहे. मग लोक हसतात. हसू देत. त्यांच्या घरी दोन साडू समोरासमोर बसून पुढ्यातलं सूप गार होईपर्यंत या विषयावर बोललेले नसतात.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, आर्किटेक्ट आहेत. ते विंडोजवाले. नकाशे काढायचं त्यांचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, ऑफिसातले सगळे तेच वापरतात, आणि सगळे वापरतात ते आपण वापरण्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. माझा नवरा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तो लिनक्सवाला. लिनक्स फुकट मिळतं, आतून उघडून बघता येतं आणि आपल्याला हवं तसं बदलता येतं. यातलं तिसरं कलम फार वाईट. चारचौघींचे नवरे सुट्टीच्या दिवशी झोपा काढतात. माझा नवरा सुट्टी मिळाली की लॅपटॉप पार पुसतो, त्यावर लिनक्सचा नवा अवतार चढवतो आणि नवा शर्ट घातल्यासारखा घरभर दाखवत फिरतो.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. 'ही काच बरी की ही?' असं दिवसभर विचारायचं, हे माझं काम. कधीकधी मी मुद्दाम तीच काच काढून परत लावते. तरी लोक छातीठोकपणे सांगतात, 'दुसरी! दुसरी एकदम स्पष्ट!' त्यामुळे या वादात माझं मत मी कधी कोणाला सांगितलं नाही. दोघांनीही मला आपल्याकडे ओढायचा प्रयत्न करून झालाय. मी म्हणते, मला दोन्हीत सारखंच दिसतं, आणि दोघंही माझ्याकडे मी आंधळी असल्यासारखे बघतात.

हे भांडण थांबवू शकणारा घरात एकच माणूस होता, आमचे बाबा. बाबा लिलाव पुकारायचे. जुन्या फर्निचरच्या लिलावघरात उभी हयात गेली त्यांची. लहानपणी आम्ही दोघी बहिणी मागच्या रांगेत बसून त्यांना ऐकायचो. तीन पायांचं टेबलसुद्धा त्या आवाजात असं काही नटूनथटून समोर यायचं की बघणाऱ्याला आपल्या घरचं चार पायांचं टेबल टाकून द्यावंसं वाटे. शेवटी ते 'एकवार' म्हणायचे, मग 'दोनवार', आणि मग थांबायचे. चांगले थांबायचे. लोक खुर्चीत चुळबुळायला लागायचे. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, दोनवार झाल्यावर तुम्ही एवढं का थांबता?" ते म्हणाले, "तिथे घाई करायची नाही, बाळ. हात वर करायला माणसाला धीर गोळा करावा लागतो."

तर जावयांचं भांडण फार लांबलं की बाबा हातात चमचा घ्यायचे आणि पुकारायचे, "घ्या मंडळी, घ्या! साडूंचं भांडण! एकच नग, नियमित वापरातलं, एकही मुद्दा झिजलेला नाही! आहे कोणी गिऱ्हाईक?" गिऱ्हाईक अर्थातच कधी मिळायचं नाही. एकवार, दोनवार, मग तो थांबा, आणि शेवटी "तीनवार! माल परत गोदामात!" म्हणून चमचा टेबलावर आपटायचा. की दोघंही जावई हसत सूपकडे वळायचे. वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ वेळेत सापडली आहे, बाबा बरे होतील. पण स्वरयंत्र काढावं लागेल. हे ऐकल्यावर ताई आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभ्या राहून रडलो. जीव वाचणार होता याचा आनंद आधी व्हायला हवा होता, हे कळत होतं. पण आम्हाला तो आवाज हवा होता, तर काय करणार.

दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाईंनी मार्ग काढला. ऑपरेशनच्या आधी बाबांनी ठरावीक वाक्यं स्पष्ट वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून एका प्रयोगशाळेत त्यांचा आवाज तयार होईल. पुढे बाबा टॅबलेटवर टाइप करतील आणि टॅबलेट ते बाबांच्या आवाजात बोलून दाखवेल. "मात्र रेकॉर्डिंग आत्ताच व्हायला हवं," बाई म्हणाल्या. "नंतर दुसरी संधी नाही."

रेकॉर्डिंग आमच्या मागच्या खोलीत झालं. नवऱ्याने खिडकीला गाद्या लावल्या, दाराला रजई टांगली, आपल्या लॅपटॉपला चांगला माइक जोडला. वाक्यं एकेक नमुनेदार होती. भाषेतले सगळे आवाज यावेत म्हणून जुळवलेली. 'निळ्या बादलीत ढब्बू बदक झोपलं.' 'ठेकेदाराच्या छत्रीला घुबडाचं चित्र आहे.' बाबा ती अशा थाटात वाचायचे की ते ढब्बू बदक कोणीतरी बोली लावून घेऊन जावं.

बाबांना आणायचं-पोचवायचं काम भावोजींकडे होतं. ते बाहेरच्या खोलीत बसायचे. नवरा दर थोड्या वेळाने पाणी प्यायला बाहेर यायचा, आणि दोघं एका खोलीत आले की व्हायचं ते व्हायचंच. आत बाबा बदकापर्यंत पोचलेले असायचे आणि बाहेरून आवाज यायचा, "अहो, पण व्हायरस कोणाकडे येतात?" की ते वाक्य बाद. पुन्हा वाचायचं. नवरा बाद झालेली वाक्यं पुसायला निघाला तर बाबा म्हणाले, "राहू दे रे. वेगळी ठेव हवी तर. पुसू नकोस." त्याने ती 'खराब' नावाच्या कप्प्यात टाकली.

शेवटच्या दिवशी मात्र भलतंच झालं. बाबांचं शेवटचं वाक्य चाललेलं असताना लॅपटॉपमधून खरखर यायला लागली आणि रेकॉर्डिंग बंद पडलं. नवरा खाटखूट करत बसला. भावोजी दारातून म्हणाले, "मास्तर, फुकटचं ते फुकटच्याच लायकीचं असतं. बाबांच्या आवाजावर तरी प्रयोग नको होते." एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण सगळ्यांचेच जीव टांगणीला लागलेले. नवरा उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हाला कशातलं काय कळतं, दादा? दुसऱ्यानं बांधलेल्या खोलीत जन्मभर भाड्यानं राहणारी माणसं तुम्ही." आर्किटेक्टला हे ऐकवायचं म्हणजे काय! भावोजींनी किल्ल्या उचलल्या आणि ते गाडीत जाऊन बसले. बाबांनी चमचा शोधला नाही. त्यांच्या अंगात त्या दिवशी लिलाव पुकारण्याचं त्राण नव्हतं.

वाक्य नंतर पूर्ण झालं. ऑपरेशनही नीट पार पडलं. बाबा ताईच्या घरी आले, गळ्याला पट्टी, हातात लिहून पुसायची पाटी. ताईकडे आम्ही सगळे जेवायला जमलो, पण दोन्ही जावई आपापल्या ताटात बघत होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाबांनी एकदा चमचा हातात घेतला, दोघांकडे पाहिलं, आणि परत खाली ठेवला. थांबवायला काही नव्हतंच. मला इतका राग आला की मी पाण्याचा जग उगाचच आपटून ठेवला.

आता रेकॉर्डिंग प्रयोगशाळेला पाठवायचं होतं. ते पाठवायचा जो प्रोग्रॅम होता तो चालायचा फक्त विंडोजवर. नवऱ्याने ते सगळं ज्यावर ठेवलं होतं ती हार्ड डिस्क काढून माझ्या हातात दिली. "दे त्यांना," म्हणाला. मी ती ताईला दिली. ताईने घराशेजारच्या ऑफिसात भावोजींच्या टेबलावर ठेवली. चार माणसं, एक डिस्क, आणि 'हिच्यात असं असं आहे, अशी अशी उघडा' एवढं एक वाक्य कोणी कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक आजोबा चाचणीचा चष्मा घालून बसले होते, तेवढ्यात ताईचा फोन आला. "अगं, हे विचारतायत, रिकामी डिस्क पाठवून मास्तरांना काय सिद्ध करायचंय?"

मी दुसऱ्या फोनवरून नवऱ्याला गाठलं. "भावोजी म्हणतायत, डिस्क रिकामी आहे."

"रिकामी?" तो म्हणाला. "शक्यच नाही. लावल्यावर काही मेसेज आला होता का, विचार."

मी ताईला विचारलं. ताईने तिकडे विचारलं. ताई म्हणाली, "हे म्हणतात, ही डिस्क वाचता येत नाही, आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का, असं आलं होतं. यांनी हो म्हटलं. मग उघडली तर आत काहीच नाही."

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ती डिस्क लिनक्सच्या पद्धतीची होती. विंडोजला ती वाचताच येत नाही. कोरी समजतं ते. फॉरमॅट केली म्हणजे सगळं पुसायला सांगितलं त्यांनी."

"बरं, पण तुझ्या लॅपटॉपवर आहे ना सगळं?"

"ती खरखर," तो म्हणाला. "ते फारच लागलं होतं मला. मी सगळं पुसून नवीन लिनक्स टाकलं. डिस्कवर घेतलेलंच होतं ना, म्हणून."

समोरचे आजोबा म्हणाले, "बाई, मला दोन-दोन दिसतंय." मी म्हटलं, "मलाही," आणि दुकानातल्या सहकारणीला त्यांच्यापाशी बसवून बाहेर पडले.

रस्त्याने जाताना मी कोणाला काय काय बोलायचं ते जुळवत होते. एकाने हट्टाने अशी डिस्क केली जी जगात बाकी कुणाला वाचता येऊ नये, आणि आपल्याकडचं होतं ते एका टोमण्यापायी पुसून टाकलं. दुसऱ्याला समोर प्रश्न दिसला तर फोन उचलून साडूला विचारायचं होतं. तेवढं त्याच्याने होईना. दोघांना आपापली सिस्टीम खरी करायची होती. आणि माझ्या वडिलांचा आवाज त्यात गेला. हे मी मोठ्याने म्हणत चालले होते असं समोरून येणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आलं.

भावोजींच्या ऑफिसात पोचले तर नवरा माझ्या आधी तिथे हजर, धापा टाकत. भावोजी टेबलामागे उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताईने त्यांना तोवर सगळं सांगितलेलं होतं. कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांशी बोलत होते आणि मी जुळवून आणलेलं सगळं माझ्या घशातच राहिलं.

"दादा, डिस्क काढा. आत्ता. काही दाबू नका, नुसती काढा."

भावोजींनी काढली.

"नंतर हिच्यावर काही लिहिलंत का? काही कॉपी केलंत?"

भावोजींनी मान खाली घातली. "रिकामी दिसली म्हणून... एका बंगल्याचे नकाशे टाकले थोडे. ऑफिसच्या कामाचे."

"थोडे म्हणजे?"

"तेवढ्यात हिने जेवायला हाक मारली. मी अर्ध्यावर थांबवलं."

नवऱ्याने त्यांच्या हातून डिस्क घेतली. मी म्हटलं, "आता मला कळेल असं सांग. गेलं की आहे?"

"बाबांच्या लिलावघरात प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असायची ना?" तो म्हणाला. "फॉरमॅट केल्यावर चिठ्ठ्या गेल्या. कपाटं-खुर्च्या बहुतेक आपापल्या जागी आहेत. पण गोदाम रिकामं समजून कोणी वर नवा माल टाकला, तर त्याच्याखालचं चिरडतं. बंगला कुठे पडलाय, ते बघायला लागेल."

त्याने लॅपटॉप उघडला. असं हरवलेलं शोधून काढायचं साधन त्याच्या लिनक्समध्ये होतं. त्याने ते सुरू केलं आणि पडद्यावर एक आकडा सरकायला लागला. सापडलेल्या फाइली: शून्य. पुन्हा शून्य. भावोजी त्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ऑफिसातली पोरं नकाशे सोडून भिंतीला टेकून उभी राहिली होती. खिडकीबाहेर कोणीतरी ट्रकमधून पत्रे उतरवत होतं आणि दर पत्र्याला माझा जीव दचकत होता.

मग आकडा हलला. एक झाला, थोडा थांबला, आणि भराभरा वाढत गेला.

"लाव," भावोजी म्हणाले. "एक तरी लावून बघ."

नवऱ्याने पहिलीच सापडलेली फाइल लावली. आधी थोडी शांतता. मग खोलीभर बाबांचा आवाज आला, भरघोस, खर्जातला, दोन्ही हात पसरून आलेला: "निळ्या बादलीत ढब्बू बदक झोपलं."

माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच फरशीवर बसले. ताई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, कोण जाणे. भावोजींनी माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि तसेच ठेवून उभे राहिले.

काम मात्र अजून बाकी होतं. फाइली सापडल्या होत्या, पण त्यांची नावं गेली होती. कुठल्या फाइलीत कुठलं वाक्य, ते प्रत्येक ऐकून ठरवायला लागणार होतं. प्रयोगशाळेला ती नावानिशीच हवी होती. भावोजींनी ऑफिसातलं नकाशांचं लांबलचक टेबल मोकळं केलं. एका बाजूला लिनक्स, दुसऱ्या बाजूला विंडोज. नवरा इकडून फाइल लावायचा, ताई आणि मी वाक्य ओळखायचो, भावोजी पलीकडे नाव देऊन ठेवायचे.

दोन बहिणी टेबलाशी बसून एकामागून एक बाबांना ऐकत होतो. ठेकेदाराची छत्री आली. घुबड आलं. एका फाइलीत नुसतं खाकरणं होतं आणि मग, "थांब, पाणी पिऊ दे." ते वाक्य यादीत कुठेच नव्हतं. ताई म्हणाली, "हे मला दे." भावोजींनी ते वेगळं काढून ठेवलं.

बंगल्याखाली काही चांगली वाक्यं चिरडली गेली होती, ती मिळाली नाहीत. तिथे 'खराब' कप्पा कामाला आला. तीच वाक्यं, पण मागे आमची बाहेरची खोली. "दरवाजापाशी फणफणत फुलपाखरू फिरलं," बाबा म्हणत होते, आणि त्यांच्या मागून भावोजी, "मास्तर, जगात शंभरातल्या कितीजणांना तुमचं लिनक्स माहीत आहे, सांगा बरं!" आणि नवरा, "सगळे एका बाजूला गेले म्हणून ती बाजू बरोबर होते का?" दोघं आपलंच भांडण ऐकत टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. भावोजी कानाची पाळी खाजवत म्हणाले, "फारच ओरडतो रे आपण."

"पुसणार होतो मी हे," नवरा म्हणाला. "बाबांनी पुसू दिलं नाही."

थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मागचे आवाज प्रयोगशाळेत बऱ्यापैकी काढता येतात, पाठवा. आम्ही पुन्हा ऐकायला बसलो.

या सगळ्यात बाबांना काही सांगितलेलं नव्हतं. पण ताई जेवायला घरी आली नाही म्हटल्यावर ते स्वतःच चालत ऑफिसात आले. दारात उभे राहिले तेव्हा त्यांचाच आवाज चालू होता. कोणालाच बंद करायचं सुचलं नाही. बाबा आत आले, खुर्ची ओढली आणि बसून ऐकू लागले. त्यांचे ओठ वाक्याबरोबर हलत होते. भावोजी उठले आणि त्यांच्यासमोर उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. डिस्क कशी आली, आपण काय दाबलं, सगळं. नवरा मधेच म्हणाला, "नाही बाबा, आधी मी लॅपटॉप पुसला." भावोजी म्हणाले, "फॉरमॅट मी केली." नवरा म्हणाला, "डिस्क मी तशी केली म्हणून ना!" चूक कोणाची यावरसुद्धा दोघं भांडायलाच लागले, फक्त आता ती प्रत्येकाला आपल्याकडे हवी होती.

बाबांनी पाटी घेतली आणि लिहिलं: 'छत्रीचं वाक्य मी नीट म्हटलेलं नाही. पुन्हा घ्या.'

त्यांच्या डोळ्यांतलं हसू पहिल्यांदा ताईला दिसलं, आणि ती जी खिदळायला लागली, ती थांबेना. मग कोणीच थांबेना. बाबांचे खांदे आवाज न करता हलत होते.

सगळं नावानिशी लावून झालं आणि भावोजींनी ते विंडोजवरून पाठवलं. 'पोचलं' असा मेसेज पडद्यावर आला तेव्हा नवरा त्यांच्या खांद्यावरून बघत होता. "चांगला आहे की प्रोग्रॅम," तो म्हणाला. हे वाक्य कुणीतरी रेकॉर्ड करायला हवं होतं.

आवाज तयार होऊन आला त्या दिवशी आम्ही पुन्हा ताईकडे जमलो. टॅबलेट आला होता तो तिसऱ्याच कंपनीचा, तिसऱ्याच सिस्टीमचा. दोघांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि एकदमच नाकं मुरडली. मला बरं वाटलं. बाबा टॅबलेट घेऊन बाजूच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ ते काहीतरी टाइप करत होते. आत कोणाला येऊ दिलं नाही.

ते बाहेर येऊन टेबलाशी बसले तोवर आमचं सूप वाढून झालं होतं. आणि सूप वाढलं की काय होतं ते तुम्हाला आता माहीत आहे.

"काही म्हणा दादा," नवरा म्हणाला, "डिस्क शेवटी लिनक्सनेच वाचवली."

"आणि पोचवली कोणी?" भावोजींनी चमचा खाली ठेवला. "तुमचं लिनक्स ती कोणाला वाचता न येणारी डिस्क घेऊन तिथेच बसलं असतं!"

"वाचता न येणं हा वाचणाऱ्याचा दोष झाला."

"असं? मग विद्यार्थी नापास झाले की मास्तर हेच सांगतात वाटतं?"

कितीतरी दिवसांनी असं चाललं होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी मुद्दामच काही बोललो नाही. वाफ येणारं सूप तसंच राहिलं.

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"घ्या मंडळी, घ्या! साडूंचं भांडण! एकच नग. मध्यंतरी हरवलं होतं, शोधून, पुसून, नावानिशी लावून आणलेलं. आहे कोणी गिऱ्हाईक?"

बाबांचा आवाज. अगदी हुबेहूब नाही. एखादा शब्द जरा सपाट पडत होता, 'गिऱ्हाईक'वर किंचित अडखळला. पण तो त्यांचाच होता.

"एकवार," टॅबलेट म्हणाला.

भावोजींनी डोळे पुसले.

"दोनवार."

आणि मग काहीच नाही. आम्ही वाट पाहिली. टॅबलेट गप्प. नवरा अर्धवट उठला. "अडकलं वाटतं," तो कुजबुजला.

"हात लावू नकोस!" भावोजी म्हणाले. "काही विचारलं तर हो म्हणू नकोस!"

दोघंही टॅबलेटवर वाकले. मलाही क्षणभर वाटलं, आवाज पुन्हा गेला की काय. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचं बोट पडद्याच्या जरासं वर होतं. नजर टेबलावरून सावकाश फिरत होती, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर, मागच्या रांगेपर्यंत बघावं तशी. काही अडकलं नव्हतं. ते थांबले होते.

मी हात वर केला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. या मालाला आजवर कोणी बोली लावलेली नव्हती. "मला हवंय," मी म्हटलं. "आहे तसं. दोघांसकट."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट टेकवलं.

"तीनवार," त्यांचा आवाज म्हणाला, आणि बाबांनी चमचा टेबलावर आपटला. पुढचं टाइप करायला त्यांना थोडा वेळ लागला. "विकलं. माल आज गोदामात नाही, बाळ. तुझ्या घरी."

दोन्ही जावई तोंडं उघडी टाकून उभे होते. मी त्यांना बसायला सांगितलं, सगळ्यांच्या वाट्या गोळा केल्या आणि सूप परत गरम करायला आत गेले. बाहेर ते पुन्हा सुरू झाले होते, आणि मधूनमधून बाबाही.